अंगठा आणि आभाळ

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एकसष्ट वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. बिचारा चपलेत जायचा, चपलेतून यायचा. माघातल्या एका पहाटे त्यानं त्या सगळ्याचा एकदम वचपा काढला.

मला जाग आली ती माझ्याच ओरडण्यानं. अंगावरच्या चादरीचं टोक अंगठ्याला लागलं होतं, एवढंच. जगदेवीला, म्हणजे माझ्या बायकोला वाटलं विंचू चावला. तिनं मोबाईलची बॅटरी लावली आणि गादी झटकली. मी गादीवर असतानाच झटकली, त्यामुळं मी दुसऱ्यांदा ओरडलो. उजेडात बघितलं तर अंगठा लालबुंद, चकचकीत, आणि हात जवळ नेला तरी ऊब लागत होती. दाराच्या फटीतून येणारा वारासुद्धा त्याला सोसवत नव्हता. वाऱ्यानं दुखणारा अवयव मी तोवर पाहिला नव्हता.

मी बसलिंगप्पा. उदगीरच्या चौबाऱ्याकडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत माझं डाळीचं दुकान, आणि दुकानामागं घर. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, तोंडात कधी सुपारीचं खांडसुद्धा नाही. आमची मंजुश्री लग्न होऊन हैदराबादला. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंच उरल्यापासून आम्ही एका ताटात जेवतो. कोण दोन ताटं घासणार, असं जगदेवी म्हणायची. मला ते कारण कधी खरं वाटलं नाही, पण मी ते मोडूनही काढलं नाही.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. बाहेर बाकावर चाळीस माणसं. त्यानं रक्ताचा रिपोर्ट बघितला, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाला, गाऊट म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या आणि गठ्ठ्यातला एक छापील कागद काढून जगदेवीच्या हातात ठेवला. जगदेवी सातवी शिकलेली आहे आणि जे दिसेल ते मोठ्यानं वाचते. दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचते. परत येताना रिक्षात तिनं तो कागद वाचायला घेतला.

"मटण, कलेजी, खिमा पूर्ण बंद," ती म्हणाली. "मासे बंद. दारू, विशेषतः बिअर, बंद म्हणजे बंद."

रिक्षावाल्यानं आरशातून आधी माझ्या अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं. जगदेवीनं कागदाची घडी घातली. घर येईपर्यंत ती एक पाटीसुद्धा वाचेना.

महिनाभरानं त्याच डॉक्टरनं शांतपणे सांगितलं की हा रोग घराण्यातून येतो, माझी रक्तदाबाची गोळी त्याला खतपाणी घालते, आणि जन्मभर वरण-भाकरी खाणाऱ्यालाही तो गाठू शकतो. माझ्या वडिलांनाही हेच असणार. ते गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवून दुकानाच्या गादीवर बसायचे आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचे. त्याला सगळे वात म्हणायचे. वात फार बरा होता. तुला वात झालाय म्हणजे तू काय खातोस, असं त्यांना कुणी विचारलं नाही. पण हे शहाणपण महिन्यानंतरचं. तोवर घरात छापील कागदाचं राज्य होतं.

त्या राज्याला प्रधान मिळाला तो निलंग्याहून. माझी मेहुणी नीलाबाई, जगदेवीची धाकटी बहीण. तिचा फोन आला तेव्हा जगदेवी भाकरी थापत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"अक्का, गाऊट म्हनली का तू? आमच्या इथल्या बारवाल्याला तेच झालंय की. लई मटण खानाऱ्याला होतंय म्हनं ते." मग जरा थांबून, "दाजी संध्याकाळी कुटं जाऊन राहिलेत, बघ जरा."

संध्याकाळी मी कुठं जातो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सरदारकडं. सरदार माझा शाळेपासूनचा दोस्त, तीन गल्ल्या सोडून त्याचं टेलरिंगचं दुकान आणि वर घर. चौतीस वर्षं जगदेवी हे बघत आली होती. पाच वाजले की मी जायचो, दिवेलागणीला यायचो. आल्यावर बाहेरच्या नळाला हातपाय साबणानं धुवायचो, तोंड धुवायचो, सदरा बदलायचो. तोंडात लवंग असायची. एवढी वर्षं तिला त्यात माझी टापटीप दिसली. आता तिनं तेच सगळं पुन्हा एकदा ओळीनं मांडलं: मुसलमान दोस्ताचं घर, साबण, सदरा, लवंग, आणि शेवटी हा अंगठा. चोरून मटण खाणारा माणूस दुसरं काय करतो? तिच्या जागी मी असतो तर मीही हाच हिशेब केला असता.

ती बोलली असती तर मी भांडलो असतो. त्या दिवशी दुपारी तिनं माझं ताट माझ्यापुढं ठेवलं, आणि मग आतून दुसरं एक ताट आणलं.

"हे काय?" मी विचारलं.

"पथ्य हाय न तुमचं," ती म्हणाली. "वेगळं बरं."

अंगठ्याला सुई टोचल्यासारखं दुखायचं, त्याची मला सवय होत होती. त्या दुसऱ्या ताटाची झाली नाही.

माझा अपराध मटणाचा नव्हता. पण अपराध होता. तो सांगायचा तर मला पंधरा वर्षांचं व्हावं लागेल.

पंधराव्या वर्षी मी कबुतरांची एक जोडी दुकानात लपवून ठेवली होती, ज्वारी मोजायच्या पायलीखाली. वडिलांनी गिऱ्हाइकासाठी पायली उचलली आणि नर त्यांच्या पागोट्यावर बसला. उदगीरात तेव्हा कबूतरबाज म्हणजे वाया गेलेला माणूस. दिवसभर गच्चीवर, मान वर, धंदा बुडीत. वडिलांनी मला मारलं नाही. माझा हात माझ्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि वदवून घेतलं, या घरात कबूतर येणार नाही. मी ती जोडी सरदारच्या गच्चीवर नेऊन ठेवली. सरदारची गच्ची म्हणजे काही 'हे घर' नव्हे. शपथेतून असा मी सुटलो आणि शेहेचाळीस वर्षं सुटलेलाच राहिलो. लग्न झालं तेव्हा जगदेवीला सांगायचं होतं, पण वडील हयात होते. ते गेले तेव्हा सांगायचं होतं, पण तोवर इतकी वर्षं न सांगण्यात गेली होती की आता काय तोंडानं सांगणार, असं झालं.

सरदारच्या गच्चीला अठरा पायऱ्या आहेत, लोखंडी, उभ्या. त्या चढून गेलं की उदगीर खाली राहतं. डाळीच्या मिलची घरघर खाली राहते. सरदार टोपी सारखी करतो, मी खुराड्याची दारं उघडतो, आणि बावीस गिरेबाज कबुतरं एकदम उठतात. गिरेबाज म्हणजे उंच जाणारी जात. ती किल्ल्याकडं जातात, बुरुजावरून वळतात, आणि वळताना एका क्षणी सगळ्यांचे पंख उन्हात एकदम पांढरे होतात आणि पुढच्या क्षणी दिसेनासे होतात. आभाळ तिथंच असतं आणि कबुतरं नसतात. मग पुन्हा असतात. मी गच्चीवर कठड्याआड उताणा पडून हे बघायचो. वजन करणं हा माझा जन्माचा धंदा. तिथं वर कशालाच वजन नसायचं, मलासुद्धा. कधी कधी वाटायचं की मी खालून बघत नाहीये, त्यांच्यातलाच कुणीतरी आहे आणि गच्चीवर पडलेला तो ढेरपोट्या माणूस वरून बघतोय. चांदबी, सरदारची बायको, जिन्यातून चहा वर सारायची आणि बशीत एक लवंग ठेवायची. मी चहा प्यायचो, लवंग तोंडात टाकायचो. का, कशाला, असं मी कधी विचारलं नाही. माझी मान वर असायची.

टोळीची म्होरकी एक मादी होती, निलंगेवाली. तिचं नाव तसं पडलं त्याला कारण आहे. ज्या वर्षी माझं लग्न झालं त्याच वर्षी सरदारनं निलंग्याहून एक राखी मादी आणली. आठ दिवस ती कोपऱ्यात तोंड करून बसली, दाणा शिवली नाही. नवव्या दिवशी माझ्या हातातून खाल्लं आणि मग जन्मात दुसऱ्या गच्चीवर उतरली नाही. जगदेवीही निलंग्याचीच, आणि तिचेही पहिले आठ दिवस जवळपास तसेच गेले होते. मी गमतीनं निलंगेवाली म्हणालो, सरदारनं ते उचललं. ती मेली, तिची लेक निलंगेवाली झाली. आताची ही कितवी ते माझ्या ध्यानात नाही. पण गुण तोच. नावानं हाक मारल्याशिवाय ती खाली येत नाही, आणि ती आल्याशिवाय टोळी येत नाही.

आता त्या अठरा पायऱ्या माझ्यासाठी कैलासाएवढ्या झाल्या. अंगठ्यानं एकेक करून सगळंच काढून घेतलं होतं. काट्याजवळ उभं राहता येईना, म्हणून दुकान हरिओम नावाच्या नोकरावर सोडलं. मांडी घालता येईना, म्हणून सकाळची लिंगपूजा खुर्चीवर बसून केली आणि सगळा वेळ देवाची क्षमा मागण्यात गेला. चपलेचा पुढचा पट्टा ब्लेडनं कापला. मंजुश्रीनं हैदराबादहून संडासासाठी एक खुर्ची पाठवली, तिचं मी नाव काढत नाही. दिवसभर मागच्या अंगणात बाजेवर पाय उशीवर ठेवून पडायचं. गोळ्यांनी गुंगी यायची. डोळे मिटले की गच्ची, उघडले की दोरीवरचे कपडे आणि त्यांच्या वर आमच्या अंगणापुरतं चौकोनी आभाळ.

पाच वाजता त्या चौकोनातून टोळी जायची. एक फेरी, दुसरी, तिसरी. भिंतीवरून लांब सरदारची गच्ची दिसायची आणि बांबूवरची छत्री, म्हणजे कबुतरं उतरायची ती जाळीची चौकट. मी पडल्या पडल्या मोजायचो. बावीस भरली की डोळे मिटायचो. मग गुंगीत मला वाटायचं, बाज जमिनीवरून वीतभर उठलीय. उठली तर उठली, म्हणून मी हलायचो नाही.

एक दिवस सरदार बघायला आला. बाजेजवळ उकिडवा बसला आणि स्वयंपाकघराकडं बघत हळूच म्हणाला, "बसप्पा, निलंगेवाली तुला ढुंडून राहिली बघ. जिन्याच्या तोंडाशी बसती. खाली बघत."

"हळू बोल," मी म्हणालो.

"तेच करून राहिलो न. कवापासून हळूच बोलतोय मी तुझ्या घरात."

जाताना त्यानं चांदबीनं पाठवलेला डबा दिला. शेवयांची खीर. जगदेवीनं डबा घेतला, दाराआड गेली, झाकण उघडलं. मला खिडकीतून दिसत होतं. तिनं डबा नाकाशी नेला आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. मग मागच्या दारानं बाहेर गेली आणि सगळी खीर गल्लीतल्या गाईपुढं ओतून आली.

मला इतकी लाज वाटली की अंगठा दुखायचा थांबला. माझ्या भेकडपणाची शिक्षा चांदबीच्या खिरीला झाली होती. जगदेवी डबा घासून आत आली तेव्हा मी म्हणालो, "बस इथं. सांगायचंय."

आणि सांगितलं. पायली, पागोटं, शपथ, गच्ची, बावीस कबुतरं. फक्त निलंगेवालीचं नाव सांगितलं नाही. तेवढं धाडस झालं नाही.

जगदेवी हसली. रागानं हसली.

"कबुतरं?" ती म्हणाली. "तुम्ही? चौतीस वर्षांत एक सबूद न्हाई, आन आता कागद हातात आल्यावर कबुतरं? उद्या मोर म्हनाल."

"खरंच सांगून राहिलो."

"साबण कशाला मग?"

"शिटतात अंगावर."

"आन लवंग?"

"चांदबी देते."

"का देते?"

"ते मला ठाऊक न्हाई."

"बघा," ती म्हणाली, "हितंच अडकलाव." तिचे डोळे भरले होते. "मला मटणाचं काय न्हाई हो. खाल्लं तर खाल्लं म्हना. एका ताटात जेवत होतो आपण. खोटं कशाला बोलायचं?"

"जा की मग. आपल्या डोळ्यानं बघून ये."

मला वाटलं ती जाणार नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारला तिनं हिरवं इरकल नेसलं, चांदबीचा घासलेला डबा घेतला, त्यात रिकामा द्यायचा नाही म्हणून मूठभर गूळ घातला आणि गेली. मी बाजेवर पडून राहिलो. जन्मात एवढी लांब अर्धी घटका मी काढली नव्हती.

मग लांब, भिंतीच्या वर, सरदारची पांढरी टोपी दिसली. तिच्यामागं चांदबीचं डोकं. आणि मग हिरवा पदर. जगदेवी अठरा पायऱ्या चढून वर आली होती आणि कठड्याला धरून उभी होती. चौतीस वर्षांत मी तिला इतक्या लांबून कधी बघितलं नव्हतं. किती लहान दिसत होती ती. मला एकदम वाटलं, हिला मी कधीच आणायला हवं होतं इथं.

खुराडं उघडलं. टोळी उठली. हिरवा पदर दोन पावलं मागं सरकला, मग तिची मान वर गेली आणि वरच राहिली. टोळी किल्ल्याकडं गेली, बुरुजावरून वळली, पांढरी झाली, विरली, पुन्हा आली. मी कबुतरं बघतच नव्हतो. मी जगदेवीची मान बघत होतो. ती खाली होईना. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं.

ते सैल झालेलं फार टिकलं नाही. सहा वाजत आले, ऊन मिलच्या चिमणीपर्यंत उतरलं, आणि टोळी खाली येईना. गच्चीवर परकं माणूस होतं. सरदारनं शिट्टी घातली, दाणे उधळले, काठीचं फडकं हलवलं. टोळी छत्रीपर्यंत यायची, हिरवा पदर बघायची आणि पुन्हा उठायची. म्होरकी निलंगेवाली होती आणि ती हाकेची वाट बघत होती. सरदार हाक मारेना. तो कठड्याशी आला आणि थेट माझ्या अंगणाकडं बघत उभा राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरदार कसला मारतोय हाक! निलंग्याच्या वहिनी शेजारी उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर पाखराला "आव निलंगेवाली" म्हणायचं? गडी मेला असता पण बोलला नसता. इतका अदबीचा माणूस. आणि गेल्याच आठवड्यात किल्ल्याजवळ ससाण्यानं कुणाचं तरी एक कबूतर उचललं होतं. अंधार पडला की कबुतराला दिसत नाही. बावीसच्या बावीस कुठल्या तारेवर, कुठल्या मांजरापुढं उतरतील, सांगता येत नाही.

हाक मलाच मारायला हवी होती. इथून, माझ्या अंगणातून, सगळ्या गल्लीच्या कानावर. डाळीवाल्या बसलिंगप्पानं, देवळाच्या पंचानं, कबूतरबाजाची हाक. मधल्या खोलीत वडिलांचा फोटो दिसत होता, पागोट्यासकट.

"अप्पा," मी म्हणालो, "जरा तिकडं बघा."

कपड्यांच्या दोरीचा खांब धरून मी डाव्या पायावर उभा राहिलो. दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. दात नवे होते, शिट्टी जुनी. दुसऱ्यांदा मात्र ती आली, लांब, बारीक, थेट पंधराव्या वर्षातली. आणि मग मी घसा फोडून ओरडलो, "आव! आव निलंगेवाली, आव!"

शेजारच्या भिंतीवरून केवळाबाईचं डोकं वर आलं. "बसप्पा, लई दुखून राहिलं का?"

"न्हाई काकू," मी म्हणालो. "आव निलंगेवाली, आव!"

वर, चौकोनाच्या कडेला, टोळी वाकडी झाली. छत्रीकडं जायच्या ऐवजी ती आमच्या बाजूला कलली, एक फेरी घेतली, दुसरी खालून घेतली, इतक्या खालून की पंखांचा वारा तोंडाला लागला. आणि मग ती सगळी माझ्या घरात उतरली. भिंतीवर, दोरीवर, बादलीच्या कडेवर, वाळत घातलेल्या तुरीवर. शेहेचाळीस वर्षांची शपथ पाखरांच्या पायांखाली गेली आणि कुठं काही कोसळलं नाही. उजवा पाय चुकून टेकला, डोळ्यांपुढं काजवे आले आणि मी बाजेवर आडवा झालो. पुन्हा वर बघितलं तेव्हा गच्चीवर हिरवा पदर नव्हता.

निलंगेवाली बाजेवर उतरली. माझ्या मांडीवर चढली, गुडघ्यावर आली, आणि तिथून नडगीवरून सावकाश चालत अंगठ्याकडं निघाली. चादरीचं टोक न सोसणारा तो अंगठा. मी श्वास रोखला. एक पाऊल. मान इकडं. मान तिकडं. अजून एक पाऊल. तिला हाकलावं तर पाय हलणार आणि ओरडलो तर सगळी टोळी उधळणार.

"हलू नका," दारातून आवाज आला.

जगदेवी धापा टाकत होती. तिनं पदराची गाठ सोडली. चांदबीनं दिलेली ज्वारी तिच्यात होती. ती अंगणात खाली बसली, तळहात पुढं केला आणि हळूच, जरा लाजत म्हणाली, "आव. आव निलंगेवाली, आव."

कबूतर वळलं. माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवरून मागं फिरलं, बाजेवरून उडी मारली आणि जगदेवीच्या हातावरचा दाणा टिपायला लागलं.

"सगळ्या उदगीरानं ऐकलं," जगदेवी पाखराकडं बघत म्हणाली. "तिथं गच्चीवर मला ऐकू आलं. म्या सरदारभाईला इचारलं, ही निलंगेवाली कोन? ते बिचारे जिन्यातून खालीच पळाले."

मी दोरीवर बसलेली कबुतरं मोजायला लागलो. 

"लवंगेचंबी इचारलं म्या," ती म्हणाली. "चांदबी म्हनली, बसप्पाभाई आमच्या घरचा चहा पिऊन जातात. घरी कुनी नाक मुरडू नये, भांडण लागू नये, म्हनून ती लवंग ठेवती. आन..." ती थांबली. "संध्याकाळी त्यांच्या चुलीवर मटण शिजत न्हाई. तीस-चाळीस वर्षं झाली. वास गच्चीवर जातो, वर बसप्पाभाई बसलेले असतात, म्हनून. खायचं ते दुपारी. ईदीलाबी दुपारीच आटोपतात. तुम्हाला सांगितलं न्हाई का कधी तिनं?"

सांगितलं नव्हतं. आणि मला कळलंही नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घराच्या डोक्यावर उताणा पडून आभाळ बघितलं, आणि पायाखाली एक बाई माझ्यासाठी रोज चूल सांभाळत होती. मी फार हळवा, फार बघणारा माणूस आहे, असं मला वाटायचं. तसलं काही नव्हतं. माझी फक्त मान वर होती.

सरदार आला तेव्हा अंधारून आलं होतं. या वेळी पाखरं हलवायची नाहीत, असं आम्ही ठरवलं. दुकानातली डालगी आणून एकवीस कबुतरं मधल्या खोलीत झाकली, वडिलांच्या फोटोखाली. निलंगेवाली काही डालग्याखाली जाईना. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर बसली. खाली घाण नको म्हणून जगदेवीनं इकडं तिकडं बघितलं, देवळीतून तो छापील कागद काढला आणि तिच्याखाली अंथरला.

मग तिनं जेवायला वाढलं. मी बाजेवर, ती खाली पाटावर, मधल्या स्टुलावर ताट. एकच.

भाकरीला हात न लावता ती म्हणाली, "खीर गाईला घातली, हेबी म्या चांदबीला सांगितलं."

माझा घास हातातच राहिला. "काय म्हणाली?"

"म्हनली, मंग गाय तर खुश झाली आसंल न भाभी."

 मग जगदेवीनं डोळे पुसले, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडं सारला.